मायटर सॉचा स्टँड कसा बांधावा, आणि कापात फट का राहते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूजवळच्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम चालते. 10 इंची, म्हणजे 255 मिमी ब्लेडचा मायटर सॉ (गोल ब्लेड वरून खाली उतरवून हव्या त्या कोनात काप मारणारे मशीन) घेऊन वर्ष झाले. मशीन शहाबादी फरशीवर ठेवायचे, लांब लाकडाच्या टोकाखाली विटा लावायच्या आणि उकिडवे बसून काप मारायचा, अशी पद्धत. फोटोफ्रेमचे आणि दाराच्या पट्ट्यांचे 45 अंशांचे कोपरे उघडे राहतात, सनमायका लावलेल्या प्लायच्या कडा उडतात, जाड लाकडात ब्लेड अडकते. नवे ब्लेड घ्यावे, मोठे मशीन घ्यावे की स्टँड करावा?

आधी स्टँड, मग ब्लेड. मशीन बदलण्याचे कारण या वर्णनात कुठेच दिसत नाही.

मशीनचा बेड, म्हणजे लाकूड टेकते तो पाटा, जेमतेम पाऊण हात ते हातभर रुंद असतो. त्यावर 8 फुटी पट्टी ठेवली की तिचे बाहेरचे टोक खाली लोंबते आणि ब्लेडजवळ पट्टी किंचित उचलली जाते. मशीन कितीही काटकोनात असले तरी लाकूडच तिरपे उभे आहे, मग काप सरळ कसा येणार? उलट बाहेरच्या टोकाखाली वीट जास्त झाली, तर पट्टी मधोमध खाली बसू पाहते. ब्लेड वरून खाली उतरते, कापाची वरची फट मिटत जाते आणि ब्लेड चिमटीत सापडते. ब्लेड अडकण्याचे मुख्य कारण हेच. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: बाजूचा आधार बेडच्या अगदी बरोबरीने हवा, आणि चूक व्हायचीच असेल तर अर्धा मिमी खाली चालेल, वर नको. सुताच्या (इंचाचा आठवा भाग) हिशेबात ही चूक दिसतच नाही, म्हणून इथे मोजमाप मिलिमीटरमध्ये करा.

आता सांगाडा. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ग्रिल-गेट करणारा वेल्डर हमखास सापडतो, त्यामुळे पाय लोखंडाचे करावेत. पण वरचा सपाटपणा लोखंडावर सोडू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो आणि दोन-तीन मिमीचा बाक सहज येतो. लोखंडाचे काम फक्त वजन पेलणे आणि न हलणे. सपाटी प्लायच्या पेटीतून आणि बोल्टांनी मिळवायची.

40×40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या. 6 मीटरच्या दोन नळ्या पुरतात, वजन 28 किलोच्या आसपास. पहिल्या नळीतून 2200 मिमीचे दोन आणि 480 मिमीचे तीन तुकडे. दुसरीतून 720 मिमीचे चार पाय, 1600 मिमीची एक आडवी आणि 480 मिमीचे आणखी तीन तुकडे. दुसऱ्या नळीत 80 मिमीच शिल्लक राहतात, त्यामुळे वेल्डरला कापाची यादी लिहून द्या. तोंडी सांगितले की एखादा तुकडा हमखास वाढीव कापला जातो आणि तिसरी नळी आणावी लागते.

वरची चौकट 2200×560 मिमीची होईल. तिच्यात चार आडव्या: दोन टोकांना, आणि दोन मध्यापासून दोन्हीकडे 400 मिमीवर. पाय टोकांपासून 260 मिमी आत. खाली प्रत्येक जोडीच्या पायांमध्ये एक 480 ची आडवी, आणि त्या दोन आडव्यांच्या मध्याला जोडणारी 1600 ची. ही खालची आडवी जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे झाडू फिरतो आणि पुढे पाय ठेवायला जागा राहते. वेल्डरला सांगा की आधी सगळीकडे फक्त टाके मार, मग दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का बघ, मगच पूर्ण वेल्ड कर. तेही एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा, असे आलटून-पालटून. पायांच्या तळाला पट्टीवर 12 मिमीचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट घाला. शहाबादी फरशी कधीच एका पातळीत नसते आणि काळ्या जमिनीवरच्या शेडची फरशी तर पावसाळ्यागणिक हलते. चारही पाय टेकले पाहिजेत, आणि बोल्टाशिवाय ते टेकत नाहीत.

मधल्या भागावर 18 मिमी प्लायचा 700×560 चा पाट बसतो, त्यावर मशीन. बाजूला लांब लाकडाला आधार देणारे दोन पंख, म्हणजे प्लायच्या पोकळ पेट्या, प्रत्येकी 870 मिमी लांब आणि 300 मिमी रुंद. एकूण लांबी 2440 मिमी, म्हणजे बरोबर 8 फूट.

पंखाची उंची मात्र आकडा पाहून ठरवू नका, आपल्या मशीनवरून काढा. मशीन सपाट फरशीवर ठेवून तळापासून बेडपर्यंतची उंची मोजा. ती 90 मिमी आली असे धरू. त्यात पाटाचे 18 मिळवा आणि बोल्टाच्या खेळासाठी 25 वजा करा: 83 मिमी. ही झाली पंखाच्या पेटीची उंची. वर 18, खाली 18, मधल्या पट्ट्या 47. बाजारातला 18 चा प्लाय प्रत्यक्षात साडेसतराही भरतो, म्हणून व्हर्नियरने मोजून मगच पट्ट्यांचे माप ठरवा. पाय 720, वरचा पाइप 40, तळाचा बोल्ट 30, पाट 18 आणि बेड 90 धरले की काम कमरेच्या उंचीला, साधारण 900 मिमीवर येते. बुटक्या किंवा उंच माणसाने फरक पायात करावा.

प्रत्येक पेटीला 870×47 च्या दोन लांब आणि 264×47 च्या चार आडव्या पट्ट्या लागतात. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या) दर्जाचा, आयएस 303 छापाचा एकच 8×4 चा प्लाय घ्या. पाट, दोन्ही पेट्या आणि मागच्या फेन्स (लाकडाच्या मागे उभ्या राहणाऱ्या पट्ट्या) त्यातून निघून वर तुकडे उरतात. पेटी चिकटवताना ती सपाट जागेवरच दाबली पाहिजे, कारण वाकड्या टेबलावर चिकटवलेली पेटी कायमची वाकडी राहते. काच किंवा ग्रॅनाइटचा ओटा सगळ्यात बरा. फेविकॉल लावून स्क्रू मारा, रात्रभर वजन ठेवा. पेटीच्या वरच्या तोंडाला सनमायका लावा, लाकूड घसरत नेता येते. उघड्या कडांना सीलरचे दोन हात द्या, नाहीतर श्रावणात कडेचे थर फुगतात.

वरचे झाकण चिकटवायच्या आधी बोल्ट बसवायचे, हे विसरलात तर पेटी फोडावी लागेल. 10 मिमी जाड, 100 मिमी लांब असे सहा बोल्ट, अठरा नट, तितकेच वायसर. बोल्टाचे डोके पेटीच्या आत, दांडा तळातून खाली. तळाला लागून पहिला नट घट्ट आवळा, म्हणजे बोल्ट पेटीशी एकजीव होतो. मग चौकटीच्या आडवीतल्या 11 मिमीच्या भोकाच्या वर दुसरा नट आणि खाली तिसरा. वरचा नट उंची ठरवतो, खालचा ती बांधून ठेवतो. प्रत्येक पंखाला तीनच बोल्ट द्या: मशीनकडच्या आडवीवर पुढे-मागे दोन, बाहेरच्या टोकाच्या आडवीवर मध्यभागी एक. चार दिले तर एक कायम लोंबता राहील आणि तो आवळला की पेटी पिळेल. तीन पायांची तिपाई डुगडुगत नाही, तसेच हे.

पंख बसवण्याआधी मशीन पाटावर बोल्टाने पक्के करा. इथे एक नाजूक जागा आहे. मशीनचा तळ ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. पाट वाकडा असेल आणि चारही बोल्ट ताकदीने आवळले, तर तळ पिळतो आणि 90 वर लावलेले ब्लेड 90 वर राहत नाही. तीन बोल्ट आवळा, चौथ्याखाली फट दिसली तर पत्त्यांच्या कॅटमधली पाने घालून ती भरा, मग चौथा आवळा. मशीनच्या बेडच्या दोन्ही बाजूंना पंखापर्यंत अर्धी-पाऊण वीत मोकळी जागा राहील. ती भरू नका. 45 ला फिरवताना हँडल आणि कलता काप मारताना मोटार तिथूनच जाते.

आता पंखांची बरोबरी. गवंड्याकडे प्लास्टरसाठी अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, ती 6 फुटी आणा. ती सरळ आहे का, हे आधी तपासा: फरशीवर तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच रेघेला लावा. मध्ये पोट दिसले तर दुसरी शोधा. सरळ पट्टी बेडवर आडवी ठेवा, पंखावर जाऊ द्या, वरचे नट फिरवत पंख पट्टीला टेकवा. 10 मिमीच्या बोल्टाचा एक फेरा म्हणजे दीड मिमी, जवळपास अर्धा सूत. पाव फेरा म्हणजे साधारण 0.4 मिमी. आधी मशीनकडचे दोन्ही नट, शेवटी बाहेरचा. वहीचा एक कागद पट्टी आणि पंख यांच्यामध्ये अडकत-अडकत सरकला म्हणजे उंची जमली. खालचे नट आवळताना उंची थोडी हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा बघा. लेव्हल पट्टीचा इथे उपयोग नाही. सगळा स्टँड तिरपा असला तरी बेड आणि पंख एका पातळीत असले की काप सरळच येतो.

पंखाच्या मागे 75 मिमी उंच फेन्स लावा, पण ती मशीनच्या फेन्सच्या ओळीत आणू नका, दीड-दोन मिमी मागे ठेवा. लाकूड जरा वाकडे असले आणि फेन्स एका ओळीत असल्या, तर लाकूड दूरच्या फेन्सला टेकते आणि ब्लेडजवळ सुटते. मागच्या फेन्सचे काम फक्त स्टॉपर धरणे.

स्टॉपर म्हणजे सारख्या लांबीच्या तुकड्यांसाठी फेन्सवर क्लॅम्पने आवळलेला ठोकळा. त्याचा खालचा कोपरा 4-5 मिमी तिरपा छाटा, भुसा तिथे जातो. नाहीतर दहा तुकड्यांनंतर भुशाचा थर साचतो आणि अकरावा तुकडा अर्ध्या मिमीने आखूड निघतो. स्टॉपर नेहमी हाताने धरलेल्या बाजूला हवा. मोकळ्या पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावला तर तो तुकडा ब्लेड आणि ठोकळ्यामध्ये कोंडतो आणि गोळीसारखा सुटतो. या चुकीने इजा होऊ शकते, आणि ती करणारा माणूस नवखाच असतो असे नाही.

स्टँड उभा राहिला की मशीन तपासा. प्लग काढून. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) खरा आहे का, हेही त्याच उलट रेघेच्या युक्तीने बघा. बाजारातले स्वस्त गुण्ये पाव अंश चुकलेले निघतात. गुण्या ब्लेडच्या अंगाला लावा, दात्यांना नाही, कारण दाते अंगापेक्षा बाहेर असतात. खरी परीक्षा मात्र लाकडावरच होते. दोन्ही कडांना रंधा मारलेली 100 मिमी रुंदीची पट्टी मधोमध कापा. एक तुकडा उपडा करा, दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडे एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते. म्हणजे एका टोकाला 1 मिमी फट असेल, तर खरी चूक 100 मिमीत अर्धा मिमी, सुमारे 0.3 अंश. वरून पाहिलेली फट फेन्सची किंवा अंशाच्या खाचेची, कडेने पाहिलेली फट ब्लेडच्या उभ्या कोनाची. बहुतेक मशीनवर फेन्सचे बोल्ट किंवा अंशपट्टीचे स्क्रू ढिले करून पहिली चूक दुरुस्त होते, दुसरीसाठी मागे 90 चा थांबा देणारा स्क्रू असतो.

फ्रेमला आठ तोंडे असतात. प्रत्येक तोंडात पाव अंश चूक असेल तर शेवटच्या कोपऱ्यात सगळी मिळून 2 अंश जमा होते. तीन कोपरे मिटतात आणि चौथा तोंड वासतो, त्याचे हे कारण. पण आधी समोरासमोरच्या बाजू मोजा. त्या अर्ध्या मिमीने जरी लहान-मोठ्या असल्या तरी कोन अचूक असूनही फट राहते, आणि दोष विनाकारण मशीनला लागतो. म्हणून जोडीच्या बाजू मोजून नाही, स्टॉपरला लावूनच कापा.

45 च्या कापात आणखी एक खोड आहे. ब्लेड लाकडाला फेन्सवरून बाजूला ओढते. हाताला ते जाणवतही नाही, पण तोंड वळते. फेन्सवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि क्लॅम्प लावा. आणि शेवटचा काप अर्ध्या मिमीची साल काढण्यासाठी ठेवू नका. एकाच बाजूला लाकूड असले की ब्लेड दुसरीकडे वाकते. चार मिमी राखून आधी तोडा, मग ब्लेडची पूर्ण जाडी लाकडात राहील असा एकच काप मारा.

सनमायकाच्या कडा उडतात त्याचे उत्तर ब्लेडमध्ये आहे, पण अर्धेच. मशीनसोबत आलेले ब्लेड बहुधा 24 ते 40 दात्यांचे असते, ते चौकटीच्या लाकडाला ठीक. प्लाय आणि सनमायकाला 80 दात्यांचे घ्या, दात्यांचा कल उणे किंवा शून्याजवळ असलेले, म्हणजे दाता लाकडात घुसून ओढत नाही. आतले भोक बघून घ्या, 25.4 आणि 30 मिमी दोन्ही मिळतात, आणि रिंग न घालता सैल बसलेले ब्लेड थरथरते. हेच 80 चे ब्लेड जाड, ओल्या बाभळीत घालू नका. दात्यांमधली जागा लहान, भुसा निघत नाही, ब्लेड तापते आणि लाकूड काळे पडते.

उरलेले अर्धे उत्तर आधारात आहे. मायटर सॉचे दाते पुढून खाली आणि मागे जातात, म्हणून कचरा खालच्या आणि फेन्सकडच्या कडेला उडतो. चांगली बाजू वर आणि आपल्याकडे ठेवा. हाताच्या सर्क्युलर सॉचे उलट असते, तिथे चांगली बाजू खाली. बेडवर आणि फेन्सला 6 मिमी एमडीएफची पट्टी दुहेरी टेपने चिकटवा आणि ब्लेड तिच्यातूनच एकदा उतरवा. ब्लेडच्या जाडीचीच फट तयार होते आणि सनमायकाला शेवटपर्यंत आधार मिळतो. बेडवरची पट्टी 6 मिमी उंची वाढवते, म्हणून पंखांवरही त्याच एमडीएफचा तुकडा टाका.

हात चालवायची रीत: ब्लेड पूर्ण वेगात आल्यावरच खाली आणा, घाई नको, तळाला पोचल्यावर स्विच सोडा आणि ब्लेड थांबल्यावरच वर उचला. फिरत्या ब्लेडने वर येताना ओरखडे पडतात आणि सुटा तुकडा उडतो. सरकणारे मशीन असेल तर आधी स्वतःकडे ओढा, खाली उतरवा, मग मागे ढकलत कापा. वीतभरापेक्षा लहान तुकडा बोटांनी धरू नये, क्लॅम्प लावा. आणि मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून काम भागवायची जी सवय गावोगाव दिसते, ती सोडा. त्याचा वेग फार जास्त आणि खाली झाकण नाही.

वाकडी पट्टी कापताना तिचे पोट फेन्सला टेकवा. पोकळ बाजू टेकवली तर मधला भाग हवेत राहतो, हाताच्या दाबाने काप मिटतो आणि ब्लेड चिमटते.

मराठवाड्यात बरेच काम पाडलेल्या वाड्यांच्या आणि माळवदांच्या सागवानावर चालते. लाकूड उत्तम, पण छतावरची पांढरी माती भेगांमध्ये बसलेली असते आणि मुंडके तुटलेले खिळे आत असतात. आधी तारेच्या ब्रशने घासा, मग जोरदार लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा. एक खिळा 80 दात्यांच्या ब्लेडचे चार दाते घेऊन जातो. अशा लाकडाला जुने ब्लेडच लावावे. सागाचा चीक दात्यांच्या बगलेत बसला की धार असूनही ब्लेड जाळते. धार लावायला देण्याआधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्लेड अर्धा तास भिजवा, प्लास्टिकच्या ब्रशने घासा, लगेच पुसून कोरडे करा. कॉस्टिक सोडा वापरू नका.

आपल्या हवेचाही हिशेब धरा. आषाढात घट्ट मिटलेला कोपरा वैशाखात आतल्या बाजूने उघडला, तर दोष कापाचा नाही. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे 45 चे तोंड 45 चे राहत नाही आणि फट आतून दिसते. कोरड्या दिवसात केलेली फ्रेम पावसाळ्यात फुगली तर फट बाहेरून दिसेल. रुंद पट्टीला हे जास्त होते. फाडलेले लाकूड शेडमध्ये काड्या घालून रचून काही आठवडे राहू द्या.

शेवटी वीज. असे मशीन 1600 ते 1800 वॉट घेते, म्हणजे 7-8 अँपिअर, आणि चालू होताना बरेच जास्त. 30 मीटरच्या 1 चौरस मिमी वायरीवर चालताना 8-9 व्होल्ट वायरीतच जातात. आधीच व्होल्टेज पडलेले असेल तर ब्लेडचा वेग उतरतो आणि माणूस जोर लावतो, मग जळण्याचा वास येतो. 2.5 चौरस मिमीची वायर आणि 16 अँपिअरचा प्लग वापरा, गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा. व्होल्टेज 190 च्या खाली असेल तर जाड काप सकाळवर ढकला. स्टँड लोखंडी, शेड पत्र्याचे, म्हणून स्टँडला अर्थिंग द्या आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पंखांचे नट वर्षातून दोनदा, पोळ्याच्या सुमारास आणि होळीनंतर, त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने पुन्हा तपासा.